८ महिन्यांच्या वापरानंतर: विद्यार्थी मायक्रोस्कोप, मानवी ऊतींच्या २५ स्लाइड्स आणि घसरणारं स्टेज

परवा रात्री मायक्रोस्कोपचं स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायचा चौथरा, घसरायचं एकदाचं थांबलं, म्हणून आज लिहायला बसले. या आठ महिन्यांत तीन वेळा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा रागाच्या भरात लिहिलेलं पुसून टाकलं. आता राग बराच ओसरलाय. पण तक्रार आहेच.

यात काय काय येतं ते सगळ्यांना माहीत असतं: ४, १०, ४० आणि १०० पट मोठं दाखवणारी ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची भिंगं), १० ची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग), खाली एलईडी, प्रकाश एकवटणारा ॲबे कंडेन्सर, त्याचा डायफ्रॅम, म्हणजे लहान-मोठं करता येणारं छिद्र. सोबत तयार स्लाइड्सची पेटी. त्यात वेळ घालवत नाही.

तक्रार अशी. ४० च्या भिंगावर फोकस लावायचा, वहीत दोन ओळी लिहायच्या आणि परत डोळा लावायचा, तर समोर सगळं धूसर. स्टेज स्वतःच्याच वजनाने हळूहळू खाली यायचं. ४ आणि १० वर हे कळतच नाही, म्हणून विकत घेताना तपासलं तरी लक्षात येणार नाही. ४० वर मात्र एका वेळी स्पष्ट दिसते ती जाडी जेमतेम दीड मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लाल रक्तपेशीची रुंदी साधारण ७.५ मायक्रॉन. म्हणजे स्टेज रक्तपेशीच्या पाव रुंदीएवढं जरी खाली आलं, तरी पाहत होतो ते केंद्रक गेलं. डोळ्यांना न दिसणारी ही घसरण माझ्या आठ महिन्यांची सोबतीण होती. एक हात कायम बारीक फोकस करायच्या फाइन नॉबवर आणि दुसऱ्या हाताने चित्र काढायचं, अशी सवयच लागली.

मायक्रोस्कोप घेतला तो मुलीच्या निमित्ताने, पण खरं सांगायचं तर स्वतःसाठी. शाळेत ऊतींचा धडा मी फळ्यावरच्या आकृत्यांवरून शिकले. अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता ही चार नावं पाठ होती. प्रत्यक्षात एकही पाहिली नव्हती. मुलगी त्याच धड्यावर आली तेव्हा ठरवलं, या वेळी बघायचंच. खर्च मोठा होता आणि मी पैसे मोजून वापरणारी बाई आहे. म्हणून स्टेज घसरताना पाहिलं की पैसेच घसरताना दिसायचे.

सुरुवात पेटीतल्या स्लाइडने केली नाही, घरच्या घरी केली. कापसाच्या काडीने गालाच्या आतून हलकेच खरवडायचं, काचेवर पातळ पसरायचं, वाळू द्यायचं, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा, मिनिटभराने पाण्याने धुवायचं, वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, ठेवायची. बस्स. १० वर निळसर ठिपक्यांची रांगोळी दिसते. ४० वर गेल्यावर एकेक पेशी फरशीच्या तुटलेल्या तुकड्यासारखी, चपटी, कडा वेड्यावाकड्या. मधोमध गडद निळं केंद्रक. काही पेशींचा कोपरा कागदासारखा दुमडलेला असतो, तिथे निळा रंग दुप्पट गडद दिसतो, आणि तेवढ्यावरून कळतं की ही वस्तू किती पातळ आहे. पेशीच्या अंगावर बारीक निळे ठिपके दिसतात ते पेशीचे नव्हेत. ते तोंडातले जिवाणू. मुलगी आधी घाबरली, मग दहा मिनिटं तेच मोजत बसली.

इथे एक गोष्ट सांगते, कारण ती मला दोन महिन्यांनी कळली. कंडेन्सरखालची डायफ्रॅमची छोटी दांडी. मी प्रकाश कमी-जास्त करायला तीच वापरत होते. चूक. प्रकाशासाठी एलईडीची चकती आहे, डायफ्रॅम आहे तो कडा उठून दिसण्यासाठी. रंग न दिलेली गालाची पेशी डायफ्रॅम पूर्ण उघडा ठेवला तर जवळपास दिसतच नाही, काचेतून काच पाहिल्यासारखं. दांडी हळूहळू बंद करत आणा, पेशीची कड उमटायला लागते. फार बंद केला तर प्रत्येक कडेला काळी किनार येते आणि बारीक तपशील पुसला जातो. मधली जागा हाताला सापडावी लागते. कुणी सांगून सापडत नाही.

आता पेटीकडे. बहुतेक स्लाइड्स हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवलेल्या आहेत. केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडापासून मिळतं, हे वाचल्यापासून तो जांभळा रंग मला वेगळाच वाटतो. रंगाचा दर्जा चांगला आहे, हे मोकळेपणाने सांगते. छेदही बऱ्यापैकी पातळ आहेत. दोन स्लाइड्समध्ये घड्या पडल्यात, एकीत बुडबुडा आहे. तो बुडबुडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा काळ्या जाड काठाचा हा भलामोठा गोल म्हणजे कुठली पेशी, या विचारात अर्धा तास गेला. काठ एकदम काळाकुट्ट आणि आत काहीच नाही असं दिसलं तर ती हवा समजा.

रक्ताची स्लाइड सगळ्यात आधी बघा आणि ती नजरेत बसवून घ्या. १८ मिलिमीटर फील्डच्या आयपीसमधून ४० वर दिसणारं वर्तुळ ०.४५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्यात आडव्या साठेक लाल पेशी एका ओळीत बसतील. मध्यभागी फिकट दिसतात, कारण पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट असते. केंद्रक नाही. शेकडो लाल पेशींमागे एखादी पांढरी पेशी. न्यूट्रोफिलचं केंद्रक दोन ते पाच पाकळ्यांचं, बारीक धाग्यांनी जोडलेलं. लिंफोसाइटचं गोल, जवळजवळ सगळी पेशी व्यापणारं. ही लाल पेशी एकदा डोळ्यांत बसली की पुढच्या प्रत्येक स्लाइडमध्ये ती तुमची मोजपट्टी होते, कारण रक्तवाहिनी कुठल्याही अवयवात असतेच. माझ्याकडे मोजपट्टी कोरलेली आयपीस नाही आणि ती घेण्याची गरजही वाटली नाही. तेवढे पैसे वाचले.

चरबीच्या ऊतीच्या स्लाइडवरून मी विक्रेत्याला पहिली तक्रार केली होती. आणि ती तक्रार मी इथे जाहीरपणे मागे घेते. स्लाइडमध्ये नुसती रिकामी पांढरी भोकं, भोवती गुलाबी पातळ रेघ, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. मला वाटलं, नमुना वाळून फाटलाय. मी फोटो पाठवले आणि बदलून मागितली. नंतर वाचून कळलं, स्लाइड तयार करताना ऊती आधी अल्कोहोल आणि मग झायलीनमधून नेतात आणि पॅराफिनच्या मेणात बसवतात. झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते. उरते ती रिकामी जागा आणि तिला कडेला खेटून दाबलेलं चपटं केंद्रक, अंगठीच्या खड्यासारखं. म्हणजे ते भोक हीच पेशी. आतड्याच्या स्लाइडमध्येही श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी अशाच फिकट, फुगलेल्या पेल्यासारख्या दिसतात, कारण या दोन रंगांना श्लेष्मा फारसा धरतच नाही. तेव्हापासून रिकामी जागा दिसली की आधी विचारते, इथे काय होतं आणि ते कुठे गेलं.

हाडाच्या स्लाइडची गोष्ट मात्र वेगळी. ती माझ्या हातून फुटली, आणि याला मी स्टेजच्या घसरणीलाच जबाबदार धरते. हाड मेणात बसवून कापलेलं नसतं, सुकं हाड घासून पातळ केलेलं असतं, त्यामुळे छेद जाडसर असतो. १० वर फार सुंदर दिसतं: मधे गोल नळी, तिच्याभोवती झाडाच्या खोडासारखी एकात एक वर्तुळं आणि त्या वर्तुळांवर काळे कोळी बसल्यासारखे ठिपके, प्रत्येकातून निघालेले केसासारखे पाय. ते कोळी म्हणजे हाडाच्या पेशी राहत असत त्या खोबण्या. त्यांत हवा भरलेली असते म्हणून काळ्या दिसतात. त्या नळ्यांना क्लॉप्टन हॅव्हर्स यांचं नाव आहे, त्यांनी १६९१ मध्ये त्यांचं वर्णन केलं. मी ४० वर एकाच खोबणीचे पाय मोजत होते. फोकस नेहमीप्रमाणे खाली गेला. फाइन नॉब टोकाला पोहोचला होता, म्हणून मी स्टेज झपाट्याने वर-खाली करणारा कोर्स नॉब वर फिरवला. कट्. कव्हरस्लिपला आडवी चीर. ४० च्या ऑब्जेक्टिव्हचं टोक स्प्रिंगवर आत जातं म्हणून भिंग वाचलं. त्या भिंगापुढची मोकळी जागा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, ४० वर कोर्स नॉबला हात लावायचाच नसतो, हे मला माहीत होतं. पण स्टेज जागेवर राहत असतं तर तो नॉब फिरवायची वेळच आली नसती.

सेवा केंद्राशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात. पहिल्यांदा उत्तर आलं, स्लाइड जाड असेल. दुसऱ्यांदा, फाइन फोकस नीट लावा. तिसऱ्यांदा मी वीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, शेजारी घड्याळ ठेवून. त्यावर उत्तर आलं की पूर्ण उपकरण स्वखर्चाने पाठवा, बहुधा बॉडी बदलावी लागेल, आणि ती वॉरंटीत बसेलच असं नाही. एवढं वजनदार उपकरण खोक्यात घालून स्वखर्चाने पाठवायचं आणि वर बॉडीचे पैसे भरायचे, यावर मी पाठवणं थांबवलं आणि घसरणीसकट वापरायला लागले.

आणि इथे माझं मत निम्मं बदललं.

श्वासनलिकेची स्लाइड होती. तिच्या आतल्या अस्तरात केंद्रकं तीन-चार ओळींत दिसतात, म्हणून वाटतं की पेशींचे थर एकावर एक रचलेत, त्वचेसारखे. पुस्तक म्हणतं, थर एकच आहे, प्रत्येक पेशीचा पाय तळाच्या पटलाला टेकलेला आहे, फक्त केंद्रकं वेगवेगळ्या उंचीवर आहेत. मी हे वाक्य कितीदा वाचलं होतं, पटलं कधीच नव्हतं. त्या रात्री नॉबवरून हात काढला आणि नुसती बघत राहिले. स्टेज घसरत होतं. समोरचं एक वरचं केंद्रक विरघळल्यासारखं पुसट झालं आणि त्याच जागी खालून पेशीची एक निमुळती, बारीक शेपटी स्पष्ट होत आली, थेट तळाच्या रेषेपर्यंत. मग तीही गेली आणि शेजारचं दुसरं केंद्रक वर आलं. पाच-सहा मायक्रॉन जाडीच्या छेदातही वर-खाली असं अंतर असतं! एका फोकसला जे थर वाटतात ते प्रत्यक्षात दाटीवाटीने उभ्या असलेल्या, एकमेकींच्या मागे लपलेल्या पेशी आहेत. मी मुलीला हाक मारली. ती म्हणाली, "आई, म्हणजे गर्दीत सगळ्यांचे पाय जमिनीवरच असतात, डोकी खाली-वर दिसतात." तिला एका वाक्यात जमलं.

त्याच स्लाइडमध्ये अस्तराच्या वरच्या कडेला गुलाबी झालर दिसते. ती पक्ष्माभिका, श्वासातली धूळ वर ढकलणारे केस. एकेका पेशीवर शेकड्यांनी असतात. डायफ्रॅम जरा बंद केला की झालरीच्या मुळाशी एक गडद बारीक रेघ उमटते, जिथून प्रत्येक केस उगवतो त्या जागांची. मी ती रेघ आजवर कितीदा पाहिली असेल, तरी प्रत्येक वेळी पेटी उघडली की हीच स्लाइड आधी काढते.

तेव्हापासून मी मुद्दाम फाइन नॉब मागे-पुढे फिरवत बघायला शिकले. स्थिर चित्र बघणं सोडलं. स्नायूंच्या तीन स्लाइड्स अशाच बघा. सांगाड्याच्या स्नायूचे तंतू लांब, सरळ, केंद्रकं कडेला ढकललेली, आणि आडवे पट्टे दोन-अडीच मायक्रॉनच्या अंतरावर, म्हणजे लाल पेशीच्या साधारण तिसऱ्या भागाएवढे. डायफ्रॅम उघडा असेल तर पट्टे दिसत नाहीत आणि माणूस स्लाइडला दोष देतो. हृदयाच्या स्नायूत पट्टे आहेत पण तंतूंना फाटे फुटलेत, केंद्रक मधोमध, आणि जिथे दोन पेशी जुळतात तिथे पायऱ्यांसारखी गडद आडवी रेघ. ती रेघ मला चौथ्या महिन्यात सापडली. तिसरी स्लाइड, अंतर्गत अवयवांचा स्नायू: पट्टे नाहीत, पेशी चातीसारख्या दोन्हीकडे निमुळत्या, आकसलेल्या असतील तर केंद्रक स्क्रूसारखं पिळलेलं.

मज्जारज्जूची स्लाइड आधी नुसत्या डोळ्यांनी बघा, मधे फुलपाखराचा आकार दिसतो. त्याच्या पुढच्या पंखांत मोठाल्या चेतापेशी, फिकट गोल केंद्रक आणि त्यात एकच गडद ठिपका, डोळ्यातल्या बाहुलीसारखा. त्यांचे लांब तंतू मात्र दिसणार नाहीत, कापताना तुटून गेलेले असतात. संपूर्ण चेतापेशी दिसावी म्हणून कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीची पद्धत काढली. ती इतक्या थोड्या पेशी रंगवते की प्रत्येक एकटी उठून दिसते. गॉल्जी आणि रामोन इ काहाल यांना १९०६ चं नोबेल मिळून मिळालं. या पेटीत चांदीची एकही स्लाइड नाही, ही मोठी उणीव. मूत्राशयाची आहे, पण छेद इतका तिरका गेलाय की त्यातून शिकण्यासारखं काही नाही.

आणखी एक नाराजी. पेटीवर ठळक "मानवी ऊती" लिहिलंय आणि आतल्या कागदावर बारीक अक्षरांत, की काही नमुने इतर सस्तन प्राण्यांचे आहेत. कुठले, ते दिलेलं नाही. शिकण्यात फारसा फरक पडत नाही, माझ्या नजरेला तर ओळखूही येणार नाही. पण ज्याचे पैसे घेतले ते काय आहे, हे झाकणावर लिहायला हवं.

१०० च्या तेलाच्या भिंगाबद्दल (स्लाइड आणि भिंग यांच्या मधे तेलाचा थेंब ठेवून वापरायचं ते): रक्ताच्या स्लाइडपुरतं वापरा. पेशीतली तंतुकणिका बघायची म्हणून घेत असाल तर या गुलाबी-जांभळ्या रंगात ती वेगळी ओळखू येत नाही, भिंग कितीही मोठं लावा. प्रकाशाची स्वतःची मर्यादा आहे, तेलाच्या भिंगालाही पाव मायक्रॉनच्या खालचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. आणि तेल चुकून ४० च्या भिंगाला लागलं तर महिनाभर सगळं धुक्यातून दिसतं. वापरून झालं की लगेच लेन्स पेपरने टिपा. १८०१ मध्ये बिशा नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाशिवाय, उकळून, वाळवून, आम्लात टाकून माणसाच्या शरीरातल्या २१ ऊती वेगळ्या केल्या होत्या. त्या काळच्या भिंगांवर त्याचा विश्वास नव्हता. मोठ्या आकड्याच्या भिंगाचा हट्ट धरणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. ४ आणि १० वर आधी अवयवाची रचना समजून घ्या, मग पुढे जा.

आता परवाची रात्र. नॉब पुसत होते. कोर्स नॉब आणि बॉडी यांच्या मधे एक पातळ कडी आहे, तिला मी आठ महिने नुसती सजावट समजत होते. तिच्यावर दोन खाचा दिसल्या. कशाला असतील? खाचेत बोट रोवून पाव फेरा आवळली. कोर्स नॉब एकदम जड झाला. तीच ताण घट्ट-सैल करायची कडी! कारखान्यातून ती सैल आलेली, एवढाच दोष. बॉडी बदलायची नव्हती, पाठवायची नव्हती, पाव फेऱ्याचं काम होतं. माहितीपुस्तिका पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, या कडीचा उल्लेख एका शब्दानेही नाही. सेवा केंद्रातल्या तिघांनी माझी तीन पत्रं वाचली, व्हिडिओ पाहिला, आणि एकालाही ही कडी सांगावीशी वाटली नाही. तुमच्याकडे असा घसरणारा मायक्रोस्कोप असेल तर आधी ती कडी शोधा. आणि फोकस घट्ट करायला दोन्ही बाजूंचे कोर्स नॉब एकमेकांच्या उलट मात्र फिरवू नका, आतले दाते खराब होतात.

श्वासनलिकेची स्लाइड लावली, ४० वर फोकस केला आणि जेवायला गेले. तासाभराने डोळा लावला. झालर होती तिथेच होती, मुळाशी ती गडद रेघही.

तर घ्यावा का? स्लाइड्ससाठी हो, भिंगांसाठी हो. घेतल्या घेतल्या कडी तपासा आणि पेटी उन्हापासून लांब ठेवा, प्रकाशाने रंग फिके पडतात. फुटलेल्या हाडाच्या स्लाइडच्या बदली एक स्लाइड मागणारं पत्र मी काल पाठवलंय, कडीचा फोटो जोडून. अजून उत्तर नाही.